तोंडावर बोलणाऱ्यांचा देश

इस्रायलमध्ये एक लष्करी अधिकारी होऊन गेले, त्यांना सगळा देश ‘गांधी’ म्हणायचा. अहिंसेशी त्यांचा दुरूनही संबंध नव्हता. रेहवाम झेवी हे त्यांचं खरं नाव. १९२६ मध्ये जेरुसलेमात जन्म, तरुणपणी पालमाख या भूमिगत दलात भरती, पुढे मेजर जनरल. निवृत्तीनंतर त्यांनी मोलेदेत पक्ष काढला आणि पॅलेस्टिनींना प्रदेशाबाहेर हलवावं असा उघड प्रचार केला. अंगाने काटकुळे, वर्णाने सावळे. पालमाखच्या दिवसांत कधीतरी डोकं भादरून, चादर गुंडाळून त्यांनी महात्म्याचं सोंग घेतलं आणि ते नाव जन्मभर चिकटलं. २००१ मध्ये मंत्रिपदावर असताना त्यांची हत्या झाली. देशाच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत जाणाऱ्या ९० क्रमांकाच्या महामार्गाला पुढे त्यांचं नाव दिलं गेलं, तेही ‘गांधी मार्ग’ असं.

सरकारी पाटीवर टोपणनाव लागतं, यात तिथल्या कुणाला काही वावगं वाटत नाही. पंतप्रधान नेतान्याहू विरोधकांनाही ‘बीबी’च असतात. एरियल शेरॉन ‘अरिक’ होते, सरसेनापती राफाएल एतान ‘राफुल’ होते, आणि २०२१ पासून राष्ट्राध्यक्ष असलेले आयझॅक हर्झोग ‘बुजी’ आहेत. पहिलीतलं पोर बाईंना नावाने हाक मारतं. सैन्यातला शिपाई, सुरुवातीचं प्रशिक्षण सोडलं तर, आपल्या अधिकाऱ्याला नावानेच बोलावतो. हिब्रूत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हा भेदच नाही. समोर एकटा माणूस असेल तर तो ‘तू’, मग तो बँकेचा मॅनेजर असो की भाजीवाला. काका, मावशी, साहेब, मॅडम या पायऱ्यांवरून चढत-उतरत बोलायची सवय असलेल्या मराठी माणसाला तिथे पहिले काही दिवस पायाखाली काहीच नसल्यासारखं होतं.

इस्रायली माणसाबद्दल जगभर दोन तक्रारी ऐकू येतात. एक, तो उद्धट असतो. दोन, तो नको तितकी चौकशी करतो. दोन्हींत तथ्य आहे. पण हा उद्धटपणा संस्कारांच्या अभावी आलेला नाही, तो मुद्दाम घडवलेला आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी काही तरुण माणसांनी ठरवून जुनी सभ्यता टाकून दिली आणि तिच्या जागी दुसरी उभी केली.

हे तरुण पूर्व युरोपातून आलेले ज्यू. तिथे त्यांच्या वाडवडिलांनी पिढ्यान् पिढ्या जमीनदारापुढे, पोलिसापुढे, अधिकाऱ्यापुढे मान खाली घालून गोड बोलण्यात आयुष्यं काढली होती. दिवाणखान्यातल्या शिष्टाचाराचा या मुलांना तिटकारा होता, आणि तो गोडवा त्यांना भेकडपणाची खूण वाटायचा. नव्या भूमीत नवा माणूस घडवायचा तर त्याने घाम गाळावा, खाकी चड्डी घालावी, टाय घालू नये आणि मनातलं बोलावं. १९१० मध्ये देगानिया हे पहिलं किबुत्झ उभं राहिलं आणि अशा अनेक सामुदायिक वसाहतींची रीघ लागली. शनिवारी रात्री सगळ्या सभासदांची सभा भरायची. गोठ्यात किती गायी घ्यायच्या इथपासून अमक्याला शिकायला पाठवायचं की नाही इथपर्यंत सगळं उघडपणे, त्या माणसाच्या समोर, वाद घालून ठरायचं. ज्याच्याशी रात्री भांडण झालं त्याच्याच शेजारी सकाळी संत्री तोडायला उभं राहायचं असे. अशा ठिकाणी आडपडदा परवडत नाही. कारखान्याच्या व्यवस्थापकाचीही जेवणघरात भांडी घासण्याची पाळी यायची, तिथे ‘साहेब’ म्हणणार कुणाला?

या वातावरणात १९३०च्या दशकात जर्मनीतून ज्यू आले. डॉक्टर, वकील, प्राध्यापक. कडक उन्हातही कोट घालणारे, वेळ पाळणारे, दुपारी दोन ते चार कुणाच्या दारावर थाप न मारणारे. त्यांना ‘येक्के’ म्हणत. त्यांच्यावरचा एक विनोद अजून सांगितला जातो. बांधकामावर येक्क्यांची साखळी विटा एका हातातून दुसऱ्या हातात देत असते आणि दुरून यंत्रासारखा एकसुरी आवाज येतो : ‘घ्या, हेर डॉक्टर’, ‘आभारी आहे, हेर डॉक्टर’, ‘घ्या, हेर डॉक्टर’, ‘आभारी आहे, हेर डॉक्टर’. हसणाऱ्यांच्या मते सौजन्य ही हास्यास्पद गोष्ट होती. तरी येक्क्यांचा दुपारचा तो शांततेचा नियम मात्र पुष्कळ इमारतींच्या नियमावलीत शिल्लक राहिला.

सरळ बोलण्याच्या या रीतीला इस्रायली लोक ‘दुगरी’ म्हणतात. शब्द अरबीतून उचललेला. तामार कात्रिएल या अभ्यासक बाईंनी १९८६ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं निरीक्षण असं, की ‘मी तुला दुगरी सांगते’ असं म्हटलं की बोलणारी आणि ऐकणारी दोघंही एका खेळाच्या नियमांत शिरतात. पुढे कडू काहीतरी येणार आहे, ते अपमान करायला नाही, आणि ऐकणाऱ्याने ते मनाला लावून घ्यायचं नाही. उलट, मनात एक आणि ओठांवर एक ठेवणं हा समोरच्याचा अपमान. म्हणजे तो सत्य झेलायला समर्थ नाही असं आपण ठरवून टाकलं.

वादाची आवड मात्र किबुत्झपेक्षा फार जुनी. तालमूद हा ज्यूंचा मोठा धर्मग्रंथ म्हणजे पानोपान मतभेद. हिलेल आणि शम्माय यांच्या परंपरांचे वाद त्यात जपून ठेवले आहेत, हरलेल्या बाजूचं म्हणणंसुद्धा पुसलेलं नाही. धर्मशिक्षणाच्या शाळांत आजही विद्यार्थी जोडी-जोडीने बसतात आणि एकमेकांचं म्हणणं खोडत मोठ्याने अभ्यास करतात. वाचनालयात शांतता असते, पण या शाळांत कलकलाट असतो आणि तोच अभ्यास चालू असल्याचा पुरावा.

मतभेद दडपले की काय होतं, याचा धडा इस्रायलला १९७३ मध्ये मिळाला. योम किप्पुर या ज्यूंच्या पवित्र दिवशी इजिप्त आणि सीरियाने हल्ला केला. युद्ध होणार नाही, हे लष्करी गुप्तचर खात्यातल्या वरिष्ठांनी धरूनच ठेवलं होतं. युद्धानंतर चौकशीसाठी नेमलेल्या अग्रनात आयोगाने त्या बंद डोक्यांवर बोट ठेवलं. त्यानंतर गुप्तचर खात्यात एक छोटा विभाग तयार झाला. सगळे ज्या निष्कर्षावर एकमताने येतील त्याच्या उलट बाजू मांडणं हेच त्याचं काम. त्याला नाव दिलं ‘इप्खा मिस्ताब्रा’, म्हणजे ‘उलटच असण्याचा संभव जास्त’. तालमूदमधली ती अरामी शब्दयोजना. तरी २०२३ च्या ७ ऑक्टोबरला हमासच्या हल्ल्याच्या वेळी तेच खातं पुन्हा गाफील सापडलं. विरोधी बोलण्याची सोय असणं आणि ते कुणी ऐकणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

रोजच्या बोलण्यात हा वारसा कसा दिसतो? पहिली गोष्ट, कुणी कुणाला वाक्य पुरं करू देत नाही. नव्वदच्या दशकात ‘पोपोलिटिका’ नावाचा दूरचित्रवाणीवरचा चर्चेचा कार्यक्रम गाजला, तो पाहुण्यांच्या आरडाओरड्यासाठीच. आपल्याकडच्या रात्री नऊच्या चर्चा पाहणाऱ्याला त्यात नवल वाटणार नाही. फरक इतकाच, की इस्रायलमध्ये जेवणाच्या टेबलावरही हेच चालतं आणि त्याला कुणी भांडण समजत नाही. अमेरिकेतल्या भाषाशास्त्रज्ञ डेबोरा टॅनन यांनी न्यूयॉर्कच्या ज्यूंच्या गप्पांचा अभ्यास १९८४ मध्ये पुस्तकातून मांडला होता. मध्येच बोलणं हे त्या लोकांत लक्ष देण्याचं लक्षण असतं, असं त्यांना दिसलं. गप्प राहून ऐकणाऱ्याविषयी उलट शंका येते : याला रस नाही की काय?

हातांचंही बोलणं सोबत चालू असतं. पाचही बोटांची टोकं वर जुळवून हात हलवला की ‘जरा थांब’. जिभेचा ‘च्क’ असा आवाज केला की सरळ ‘नाही’, मान हलवायचीही गरज नाही. दुकानदाराने असं ‘च्क’ केलं की परदेशी गिऱ्हाईक दुखावतं, पण त्याने फक्त माल नसल्याचं सांगितलेलं असतं.

रांगेचा प्रकार तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय. दवाखान्यात नवा आलेला माणूस विचारणार, ‘शेवटचा कोण?’ कुणीतरी हात वर करतो. ‘मी तुमच्यामागे,’ असं जाहीर करून हा गृहस्थ खुशाल बाहेर कॉफी प्यायला जातो. रांग जमिनीवर दिसत नाही, ती माणसांच्या स्मरणात असते आणि हक्क सांगायची वेळ आली की सगळ्यांना बरोबर आठवते. आता टोकन देणारी यंत्रं आली आहेत. तरीही ‘मला फक्त एक प्रश्न विचारायचाय’ म्हणत थेट खिडकीशी घुसणारा माणूस काही नाहीसा झालेला नाही. त्याच्यावर सगळे ओरडतात आणि तो प्रश्न विचारूनच जातो.

यामागे एक भीती आहे. ‘फ्रायर’ ठरण्याची, म्हणजे जगाने ज्याला सहज बनवावं असा भोळसट निघण्याची. लुईस रोनिगर आणि मायकेल फेगे या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये याच शब्दाभोवती इस्रायलच्या बदलाचा लेख लिहिला : एके काळी समूहासाठी झिजणारा पायोनियर हा आदर्श होता, आता तसा झिजणारा मूर्ख ठरतो. पहिला भाव मान्य केला तर फ्रायर, रस्त्यात दुसऱ्या गाडीला वाट दिली तर फ्रायर. सक्तीची लष्करी सेवा संपवून हजारो इस्रायली तरुण भारतात येतात आणि गोव्यात हरमल-अंजुण्याच्या किनाऱ्यांवर महिनोन् महिने राहतात. दहा रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करणारी पोरं म्हणून तिथल्या दुकानदारांत ती प्रसिद्ध आहेत. प्रश्न दहा रुपयांचा नसतोच. अर्थात, समोरच्या दुकानदाराला तो दहा रुपयांचाच असतो.

आता दुसरी बाजू. जो माणूस रांगेत घुसतो तोच माणूस अनोळखी बाईच्या बाबागाडीत वाकून पाहतो आणि तिला दरडावतो, ‘बाळाच्या डोक्यावर टोपी कुठाय?’ भाडं किती देता, पगार किती, लग्न का नाही केलं, दुसरं मूल कधी, हे प्रश्न टॅक्सीवालाही विचारतो. (मराठी वाचकाला इथे मात्र घरच्यासारखं वाटेल.) पण त्याच टॅक्सीवाल्याला कळलं की तुम्ही शुक्रवारी रात्री एकटेच आहात, तर तो शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, जेवणाला घरी बोलावतो आणि ते आमंत्रण तोंडदेखलं नसतं. ‘या कधीतरी’ म्हणून विसरून जायची पद्धत तिथे नाही. बोलावलं म्हणजे ताट वाढलेलं असतं. लग्नाला माणसं जीन्स घालून येतात, प्रवेशद्वाराशी ठेवलेल्या पेटीच्या फटीत चेकचं पाकीट टाकतात आणि कितीचा चेक घातला याची चर्चा मोकळेपणाने करतात.

आणि शिष्टाचार नाहीत असं तर मुळीच नाही. कुणी नवा शर्ट घातला, केस कापून आला, तर ‘तित्खदेश’ म्हणायचंच. नव्या वस्तूने तूही नवा हो, असा तो आशीर्वाद. शिंकल्यावर एक, जेवणाआधी एक, आजाऱ्याला एक, शुक्रवार दुपारपासून भेटेल त्याला ‘शब्बाथ शालोम’. धर्मगुरूशी बोलताना कर्मठ ज्यू ‘तू’ म्हणत नाही, ‘रब्बी महाराजांचं काय मत आहे?’ असं तृतीय पुरुषात विचारतो. न्यायालयातही न्यायाधीशाला असाच मान. कर्मठ वस्तीत परपुरुष-परस्त्री हस्तांदोलन करत नाहीत, म्हणून पाहुण्याने आपणहून हात पुढे करू नये हे बरं.

सुतकाचे नियम तर फारच विचारपूर्वक ठरलेले. मृत्यूनंतर सात दिवस घरचे लोक ‘शिवा’ पाळतात. दार उघडं असतं, घंटी वाजवायची नाही. भेटायला येणाऱ्याने आधी बोलायचं नाही. शोकातला माणूस बोलेपर्यंत नुसतं शेजारी बसायचं. डबे शेजारी आणतात. ज्या लोकांना दोन मिनिटं गप्प राहता येत नाही असं जग म्हणतं, त्यांनी शोकाचा पहिला नियम मौनाचा केला आहे. नाझी संहाराच्या स्मृतिदिनी सकाळी भोंगा वाजतो आणि महामार्गावरच्या गाड्यासुद्धा जागच्या जागी थांबतात, चालक उतरून दोन मिनिटं उभे राहतात. २०१४ च्या गाझा युद्धात अमेरिकेतून एकटाच येऊन सैन्यात भरती झालेला एक तरुण मारला गेला. अंत्ययात्रेला फारसं कुणी नसेल असं कळल्यावर हैफात हजारो अनोळखी माणसं जमली होती.

बोलण्यातला रोखठोकपणा आणि माया एकत्र कशी नांदतात, हे भाषेच्या अभ्यासक शोशाना ब्लुम-कुल्का यांनी घराघरांतल्या जेवणाची संभाषणं ध्वनिमुद्रित करून तपासलं. इस्रायली आईबाप मुलांना थेट हुकूम सोडतात, पण त्याला लाडाच्या नावाची जोड देतात : ‘मीठ दे, माझ्या राजा’ या धर्तीवर. त्यांचंच आणखी एक संशोधन मराठी माणसाने ध्यानात घेण्याजोगं आहे. आडून सुचवलेली विनंती सर्वांत सभ्य असते असा आपला समज असतो, पण लोकांना विचारल्यावर निघालं ते वेगळंच. ‘खिडकी लावशील का?’ ही साधी विचारणा सभ्य ठरली. ‘आज जरा गारवा आहे, नाही?’ ही सूचकता तितकी नाही, कारण तिचा अर्थ लावायचं ओझं ऐकणाऱ्यावर पडतं.

इथपर्यंतचं वर्णन ज्यांच्यावरून बेतलं आहे ते मुख्यतः युरोपीय वंशाचे, इस्रायलमध्येच जन्मलेले ज्यू. पण देशातला दर पाचवा नागरिक अरब आहे. अरब समाजात पाहुण्याला, वडीलधाऱ्याला सांभाळून घेत, त्याचा कल ओळखून बोलण्याची ‘मुसायरा’ नावाची रीत आहे, आणि कात्रिएल यांनी युसुफ ग्रिफात यांच्यासोबत १९८९ मध्ये तिच्यावरही लिहिलं. ज्यूला अरबाचं बोलणं गुळगुळीत वाटतं आणि अरबाला ज्यूचं बोलणं असभ्य. चेकपोस्टवर उभ्या असलेल्या पॅलेस्टिनी माणसाला तर सैनिकाचा तोच तुटक सूर मोकळेपणाचा वाटणं शक्यच नाही. दुगरीचं तत्त्व बरोबरीच्या माणसांत चालतं. एकाच्या हातात बंदूक असली की त्याची नुसती अरेरावी होते.

१९९१ च्या मे महिन्यात दीड दिवसात चौदा हजारांहून अधिक इथिओपियन ज्यू विमानांनी इस्रायलमध्ये आणले गेले. मोठ्यांपुढे नजर खाली ठेवावी, हळू बोलावं, दुहेरी अर्थाने बोलण्यात बुद्धी दिसते, असं मानणारी ही माणसं. त्यांच्या मुलांचं गप्प राहणं शाळेतल्या शिक्षकांना मठ्ठपणाचं वाटलं.

आणि कोकणातून गेलेले बेने इस्रायल. रायगडच्या गावागावांत तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’, आडनावं पेणकर, रोहेकर, नवगावकर, भाषा मराठी. १९४८ नंतर ते बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद अशा ठिकाणी वसले. मृदू, भिडस्त माणसं. नोकरीत, घरवाटपात त्यांना डावललं जाऊ लागलं. विनंत्या-अर्जांनी काही होईना, तेव्हा १९५१ मध्ये काही कुटुंबांनी तेल अवीवमध्ये ज्यूइश एजन्सीच्या कचेरीसमोर ठिय्या दिला आणि ‘आम्हाला भारतात परत पाठवा’ अशी मागणी केली. पुढच्या वर्षी एका तुकडीला खरोखरच परत पाठवावं लागलं. त्यानंतर धर्मपीठाने त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली. लग्न लावण्याआधी पिढ्यांची चौकशी करावी, असा १९६२ मध्ये फतवा निघाला. १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्रायल जेरुसलेमच्या रस्त्यावर उपोषणाला, धरण्याला बसले. ऑगस्टमध्ये त्यासाठी संसदेचं खास अधिवेशन भरलं, ते सर्वार्थाने ज्यू आहेत असा ठराव झाला आणि धर्मपीठाला फतव्यातला त्यांचा वेगळा उल्लेख काढावा लागला. सत्याग्रह त्यांनी भारतातून नेला असावा. मंत्र्याला तोंडावर सुनवायचं मात्र ते तिथे शिकले. मराठीही त्यांनी सोडली नाही. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी इस्रायलमध्ये चालवलं.

मराठी माणसाचा इस्रायलशी कामाचा संबंध आता शेती, पाणी, सॉफ्टवेअर, औषधं अशा पुष्कळ वाटांनी येतो. जळगावच्या जैन इरिगेशनने २००७ मध्ये नानदान या किबुत्झांतून उभ्या राहिलेल्या ठिबक-तुषार सिंचन कंपनीत निम्मा वाटा घेतला आणि पाच वर्षांनी ती पूर्ण विकत घेतली. अशा बैठकांना बसणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं : पहिल्या पाच मिनिटांत तुमच्या प्रस्तावाला ‘हे चालणार नाही’ असं उत्तर आलं तर फाईल मिटू नका, बोलणी तिथूनच सुरू होतात. तुम्हालाही पटत नसेल तर तिथेच, त्या टेबलावर सांगा. चहाच्या वेळी बाजूला घेऊन सांगायला गेलात तर ‘मग आत का बोलला नाहीत?’ असं विचारतील. आणि नकार द्यायचा असेल तर ‘बघू’ म्हणू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन येईल : ‘बघितलंत?’